शेवट सुधारणारे सेक्रेटरी

आमच्या वाचनालयाच्या सेक्रेटरींकडे दोन टोप्या होत्या, एक काळी आणि एक पांढरी. काळी घातली की ते टीकाकार असत, पांढरी घातली की कादंबरीकार. दिवसभर ते तहसील कचेरीत नक्कलनवीस म्हणून बसत. पण ती ओळख त्यांनी आपण होऊन कुणाला करून दिल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मी नागपूरहून गोंदियाच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गाव बिडी कारखान्यांचं, धानाच्या गिरण्यांचं आणि रेल्वेचं. भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळे हिंदी बोलत. मराठी पुस्तक मिळायचं ठिकाण एकच, बाजाराच्या मागे एका गोदामाला लागून असलेल्या दोन खोल्या. म्हणजे मराठी वाचायचं तर या माणसाला ओलांडूनच जावं लागे.

पहिल्याच संध्याकाळी मी एक कादंबरी मागितली. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘कोणत्या दृष्टीने वाचणार?’’

‘‘डोळ्यांनी,’’ मी म्हटलं.

आमच्या संबंधांत पुढे फारशी सुधारणा झाली नाही.

दिसायला ते बारीक, उंच आणि अतिशय नीटनेटके. कोटाच्या खिशात एक लहान कुंचला आणि तांदळाच्या खळीची डबी कायम असे. फाटलेली पुस्तकं ते स्वतः बांधत, स्वतः चिकटवत. त्या खळीच्या वासाने त्यांच्या कोटाला मुंग्या लागत. समोरचा माणूस बोलत असताना ते बाहीवरची मुंगी चिमटीत धरून खाली सोडत आणि तेवढ्या वेळात त्याचं बोलणं संपलं असं धरून चालत.

त्यांच्या दिनक्रमाचा एक तक्ता वाचनालयाच्या भिंतीवर, नियमांच्या पाटीखाली लावलेला होता. कचेरी सुटली की वाचन, मग परीक्षण, आणि घरी गेल्यावर लेखन. या तिन्हींची सरमिसळ त्यांना खपत नसे. ‘‘बाई, वाचताना लिहू नये, लिहिताना वाचू नये, आणि परीक्षण करताना दोन्हींपासून लांब राहावं,’’ असं ते सांगत. यातलं शेवटचं पथ्य ते फारच कडक पाळत. नव्या पुस्तकांच्या पार्सलाची सुतळी सुटायच्या आत त्यातल्या एका पुस्तकाचं परीक्षण तयार असलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांचं आणखी एक आवडतं वचन होतं. ते नव्या सभासदाला हमखास ऐकवलं जाई. ‘‘वाचणं म्हणजे जेवण. परीक्षण म्हणजे पचन.’’ एवढं बोलून ते थांबत, ऐकणाऱ्याने मान डोलवावी म्हणून. एकदा आमचा सालेकशाकडचा शिपाई मंगरू तिथेच झाडत होता. त्याने झाडू थांबवून मोकळ्या मनाने विचारलं, ‘‘मंग लिवनं म्हंजे काय जी?’’

सेक्रेटरींनी त्याला मागच्या खोलीतल्या कंदिलाच्या काचा पुसायला पाठवलं. ते वचन नंतर काही दिवस ऐकू आलं नाही.

परीक्षणं ते नागपूरच्या एका साप्ताहिकाकडे पाठवत. तिथून बहुतेक परत येत. मग ती पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवली जात. कोणतंही पुस्तक उघडलं की लेखकाच्या आधी सेक्रेटरी भेटत. ‘भाषा बरी, पात्रे सजीव, परंतु शेवट फसला आहे.’ ‘निसर्गवर्णने उत्तम. शेवटाबद्दल न बोललेले बरे.’ पाककृतीच्या एका पुस्तकावरही ‘शेवट घाईने उरकला आहे’ असा शेरा होता. पुस्तक आपल्या हाती यायचं ते असं उष्टं होऊन.

आणि त्यांची स्वतःची कादंबरी? ती स्वातंत्र्य येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. नायक भूमिगत क्रांतिकारक. तो तुरुंगातून सुटून मोठा उठाव करणार, तेवढ्यात देशच सुटला. तेव्हापासून नायक तुरुंगाच्या दारात उभा होता. ‘‘काय करू बाई, परीक्षणं माझी कादंबरी खातात,’’ ते म्हणत. वाचनालयाच्या सभेत मात्र नवी पुस्तकं वेळेवर नोंदली का गेली नाहीत असं विचारलं, की कादंबरी त्यांचं वाचन खात असे. या दोघांच्या खाण्यात पुस्तकं कपाटाबाहेर ढिगाने पडून राहत, त्याकडे मंगरू बघत असे आणि मी.

मला मात्र त्यांची एक गोष्ट पटायची, आणि ते आता लिहिताना जड जातं. जुन्या पुस्तकांची शेवटची पानं आधी सुटतात. ती कुणी शेंगदाण्याच्या पुडीला वापरतं, कुणी पोराच्या हातात देतं. सेक्रेटरी अशी पुस्तकं घरी नेत आणि काही दिवसांनी गहाळ पानांच्या जागी हाताने लिहिलेली पानं शिवून परत आणत. त्यांचं अक्षर छापल्यासारखं सुरेख होतं. दुसऱ्या गावच्या वाचनालयातून प्रत मागवून मी नक्कल करतो, असं ते सांगत. खाली कचेरीच्या रिवाजाने शेरा असे : ‘अस्सलबरहुकूम नक्कल. रुजवात घेतली.’ आणि सही. मूळ कागदाशी शब्दन् शब्द ताडून पाहिला, काना-मात्रेचाही फरक नाही, अशी ती ग्वाही. पदराला खार लावून असं काम करणारा माणूस गावात आहे, असं मी आईला कौतुकाने सांगितलेलंही आहे.

माझ्या शाळेत कामठ्याची एक मुलगी होती, सुगरता. वडिलांची धानाची शेती, घरचं बरं. मुलगी मावशीकडे राहून गोंदियात शिकली आणि शेवटच्या परीक्षेत चांगली पास झाली. तिच्यासारखी वाचणारी मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. मधल्या सुट्टीत डबा न उघडता ती पुस्तकात डोकं घालून बसे, आणि घंटा झाली की दचकून कुठल्या तरी दुसऱ्या गावाहून आल्यासारखी वर्गाकडे बघे. तिला नर्स व्हायचं होतं. नागपूरच्या एका दवाखान्यात मुलींना ते शिक्षण मिळत असे, राहायची सोयही होती. मी तिथून अर्जाचा छापील फॉर्म आणवला.

घरी दोन पक्ष पडले. आईचं म्हणणं, परक्यांचं हगणंमुतणं काढायला पोरगी कशाला पाठवायची, दवनीवाड्याचं एक चांगलं स्थळ आलं आहे. वडील मात्र मला म्हणाले, ‘‘बाई, मी काई मनाचा दगड नाई. पोट्टी आपल्या तोंडानं म्हनन त पाठवतो. नाई म्हनन त लगन. मंग तुमीबी काई म्हनाचं नाई.’’

त्यापेक्षा जास्त न्याय मी कुणाकडून मागणार? पण सुगरताचाच धीर होत नव्हता. तेव्हा मला एक कादंबरी आठवली. लहानपणी नागपूरला वाचलेली. त्यातली मुलगी वडिलांनी ठरवलेलं लग्न नाकारते, एकटी आगगाडीत बसते, आणि गाडी सुटल्यावर खिडकीतून मागे न बघता समोर बघते. तिथे पुस्तक संपतं. ते मी वाचनालयातून काढलं, न उघडता सुगरताच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘‘हे वाच. मग काय ते ठरव.’’

आठवड्याच्या बाजाराला ती वडिलांबरोबर गावात आली, तशी माझ्याकडे पुस्तक द्यायला आली. चेहरा उतरलेला, पण शांत.

‘‘वाचलो बाई. तुमी म्हटलं ते समजलं.’’

‘‘मग?’’

‘‘तिनंबी बापाचं आयकलं. मीबी आयकतो.’’

‘‘कुणी ऐकलं?’’

‘‘त्या पुस्तकातल्या पोरीनं. पुढच्या टेसनावर उतरून वापस आली नं ते. बापाच्या पायावर डोकं ठेवली.’’ मग खाली बघून म्हणाली, ‘‘मी फारम चुलीत टाकलो.’’

मी तिच्या हातून पुस्तक घेतलं. शेवटची पानं हाताने लिहिलेली होती. त्या सुरेख अक्षरात आमची मुलगी पुढच्या स्टेशनवर उतरत होती, रूळांच्या कडेने चालत परत येत होती, तुळशीपाशी दिवा जळत होता, सूर्य मावळत होता आणि तिच्या अश्रूंनी वडिलांची पावलं भिजत होती. खाली शेरा : अस्सलबरहुकूम नक्कल. रुजवात घेतली.

त्या संध्याकाळी मी वाचनालयात गेले तेव्हा सेक्रेटरी काळी टोपी घालून बसले होते. मी पुस्तक त्यांच्यापुढे उघडून ठेवलं.

‘‘हे कुठून आणलंत?’’

‘‘कोणतं?’’

‘‘मुलगी परत येते ते. मी हे पुस्तक वाचलेलं आहे. ती परत येत नाही.’’

त्यांना धक्का बसेल, ते सारवासारव करतील अशी माझी कल्पना. त्यांनी सावकाश काळी टोपी काढली, पांढरी घातली आणि विचारलं, ‘‘कसं वाटलं?’’

मी त्या शेवटच्या पानावर बोट ठेवून उभी राहिले.

‘‘मूळ शेवटाला शेवट म्हणता येत नाही, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘मुलगी गाडीत बसली. पुढे? कुठे गेली? काय खाल्लं? रात्री कुठे राहिली? लेखक काही सांगत नाही. असं एकट्या मुलीला गाडीत सोडून देणं कलादृष्ट्या बेजबाबदारपणाचं आहे. वाचकाला घरी पोचवलं पाहिजे.’’

‘‘आणि हा शेरा? अस्सलबरहुकूम?’’

‘‘हं, तो हाताच्या सवयीने जातो.’’

‘‘आणखी किती पुस्तकांना असं केलंत?’’

त्यांनी कपाटांकडे हात केला. जसा एखादा मालगुजार आपल्या शेतांकडे करतो तसा. तेवढ्यात मला माझ्या वाचलेल्या पुस्तकांमधले एकेक शेवट आठवायला लागले. पटकीच्या साथीत नेमका खलनायकच मरतो तो. परदेशी गेलेला मुलगा दिवाळीच्या पहाटे दारात उभा राहतो तो. एका शेवटाला तर मी रडले होते. कोणाच्या नावाने रडले होते कोण जाणे.

‘‘आणि मूळची पानं?’’

‘‘बंबात,’’ ते म्हणाले. ‘‘निरुपयोगी कागद साठवून काय करायचा?’’

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेले. ते धानगिरणीचे मालक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, ‘‘बाईजी, किताब में पन्ने तो पूरे हैं ना?’’

‘‘पूर्ण आहेत, पण लेखकाचे नाहीत.’’

‘‘कोई कम तो नहीं हुआ?’’

‘‘नाही.’’

‘‘फिर?’’ ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा मागवला.

मग मी ठरवलं की या माणसाला कामठ्याला न्यायचं. सुगरताला मी हजार वेळा सांगितलं असतं की तो शेवट खोटा आहे, तरी तिला ते बाईंचं मन वळवणंच वाटलं असतं. लिहिणाऱ्याने स्वतः सांगायला हवं होतं. पण ते येणार कसे? मी एवढंच म्हटलं, ‘‘कामठ्याची एक वाचक आहे. तुमच्या शेवटाविषयी तिला तुमच्याशी बोलायचं आहे.’’

इतकी वर्षं या माणसाने कागद काळे केले, पण त्याच्या शेवटाविषयी बोलायला कुणी बोलावलं नव्हतं. रविवारी सकाळी ते माझ्या दारात हजर. धोतर इस्त्रीचं, कोट झटकलेला, आणि हातात रुमालात बांधलेल्या दोन्ही टोप्या.

‘‘कोणती घालू?’’ त्यांनी विचारलं.

मी दाराला कुलूप लावलं. त्यांनी पांढरी घातली.

भाड्याच्या रेंगीतून आम्ही निघालो. होळी होऊन गेली होती, धानाचे बांध कोरडे पडले होते, बैलांच्या पायांखालची धूळ आमच्या तोंडात येत होती. वाटभर ते मला आपल्या इतर शेवटांमागच्या कल्पना समजावून सांगत होते. मी पदर नाकाशी धरून बसले होते. धुळीमुळेच, असं त्यांना वाटलं असावं.

सुगरताच्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली होती. सेक्रेटरी आपल्याच तंद्रीत त्यांवरून चालत गेले.

‘‘फुलावरून नोका चालू जी!’’ आतून तिची आई ओरडली. लेखकाच्या आगमनाला ही सलामी मिळाली.

वडिलांनी खाट टाकली, गूळ-पाणी दिलं. सुगरता दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी उगाच लांबण लावली नाही.

‘‘सुगरता, त्या पुस्तकातली मुलगी परत येते, ते पुस्तक लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाही. ते यांनी लिहिलं.’’

तिने त्यांच्याकडे पाहिलं. पायांपासून टोपीपर्यंत. बाहीवर एक मुंगी चालली होती, तीही तिने पाहिली असावी.

‘‘तुमी लिवले?’’

‘‘होय,’’ ते खाटेवर ताठ झाले. ‘‘त्याचं असं आहे, मूळ शेवट कलादृष्ट्या...’’

‘‘कायले लिवले?’’

‘‘म्हणजे... मुलगी एकटी गाडीत बसते. वाचकाच्या मनाला घोर लागतो की हिचं पुढे काय होणार.’’

‘‘मंग असलच्या पुस्तकात तिचं काय होते?’’

‘‘काहीच होत नाही. तीच तर उणीव. गाडी सुटते आणि पुस्तक संपतं.’’

‘‘म्हंजे ते वापस नाई येत.’’

‘‘नाही. मी आणली.’’

‘‘तिले वापस आना म्हून तुमाले कोन सांगलं होतं?’’

‘‘ए पोट्टी,’’ वडील म्हणाले, ‘‘मोठ्या मान्सासंगं असी बोलते का?’’ पण त्यांचा आवाज काही फार कडक नव्हता. तेही उत्तराची वाट बघत होते.

सेक्रेटरींच्या तोंडावर मी प्रथमच गोंधळ पाहिला. आणि तो गोंधळ अपराधाचा नव्हता, हे मला त्यांच्यासमोर बसल्या बसल्या कळत होतं. त्यांना एवढंच समजत नव्हतं की ही मुलगी कौतुक का करत नाही. एकाएकी त्यांची ती कमावलेली भाषा गळून पडली.

‘‘अवो, मी लिवलो नं तो! कितीखेपा फाडलो, पुन्हा लिवलो! त्या दिव्याच्या जागी आधी मी गाय ठेवलो होतो, मंग गाय काढलो!’’ मग पुढे वाकून, अगदी आर्जवाने त्यांनी विचारलं, ‘‘तुले कोनतं वाक्य आवडलं, सांग बरं?’’

सुगरता त्यांच्याकडे बघत राहिली. मी पुष्कळ मुलींना वर्गात एखादी गोष्ट कळताना पाहिलं आहे. चेहरा आधी रिकामा होतो, मग घट्ट होतो. तसं झालं.

‘‘मले वाटलं, पुस्तकात लिवलं हाय म्हंजे कोनी लय शायनं मानूस असन,’’ ती हळू म्हणाली. ‘‘जग पायलेला. मी त्याच्यापायी फारम जाळून टाकलो.’’ मग वडिलांकडे वळून, ‘‘बाबा, मी नागपूरले जातो.’’

आई आतून काही तरी म्हणाली. वडिलांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी खाली वाकून चिरडलेली दोन-चार मोहफुलं वेचली. मग म्हणाले, ‘‘बोललो होतो नं मी. आपल्या तोंडानं म्हनन त पाठवीन. जाय.’’ आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

परतीच्या वाटेवर सेक्रेटरी गप्प होते. मला वाटलं, आता तरी लाज वाटली असेल. फुलचूरच्या अलीकडे त्यांनी घसा खाकरला.

‘‘बाई, एक विचारू? तिने शेवटून दुसरं पान नीट वाचलं असेल का? तिथे रूळांना मी एक उपमा दिली होती. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.’’

मी गाडीवानाला बैल जरा हाकायला सांगितलं.

जळालेल्या फॉर्मचा प्रश्न उरला होता. मुदत जवळ आली होती. सेक्रेटरींना कळल्यावर त्यांनी मोठ्या मनाने सुचवलं की दुसऱ्या कुणाचा फॉर्म बघून ते हुबेहूब हाताने काढून देतील, दवाखान्यातल्या लोकांना फरक कळणार नाही. मी म्हटलं, ‘‘तुमच्या हातची नक्कल नको.’’ मी स्वतः नागपूरला जाऊन दुसरा फॉर्म आणला. पावसाळ्यात सुगरता गेली. वडील पोचवायला गेले होते.

सेक्रेटरींना काय शिक्षा झाली, असं वाचणाऱ्याला वाटत असेल. मी समितीपुढे हट्ट धरून एक ठराव करून घेतला : जिथे जिथे त्यांनी शेवट बदलला तिथे तिथे त्यांनी तसं लिहून खाली पूर्ण नाव घालावं. मला वाटलं, उघडं पडल्यावर तरी माणूस ओशाळेल. त्यांनी लाल शाई आणली. ‘या कादंबरीचा समारोप खालील लेखकाने केला आहे,’ आणि खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि आमच्या गावाचं वाचन असं की लोक येऊन मंगरूला विचारू लागले, ‘‘वो सेक्रेटरी साब के एंडिंगवाली कोई है क्या?’’ ज्या पुस्तकांना वाळवी सोडून कुणी हात लावत नव्हतं त्यांना पाळ्या लागल्या. वार्षिक सभेत अध्यक्षांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि ‘साहित्य के सेवक’ म्हटलं. टाळ्या मी सोडून सगळ्यांनी वाजवल्या. त्यांची स्वतःची कादंबरी मात्र शेवटपर्यंत झाली नाही. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, पुढे महाराष्ट्र झाला, नायक तुरुंगाच्या दारातच होता.

सुगरता शिकली. भंडाऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात तिला नोकरी लागली. दवाखान्याच्या आवारातच राहायला एक खोली होती. मी एकदा तिला भेटायला गेले. पांढऱ्या साडीत ती चांगली उंच दिसत होती. आवारातले लोक तिला वाट देत होते. हात पक्के झाले होते, बोलणं थोडं नागपूरचं झालं होतं. तिने स्टोव्हवर चहा केला, वडिलांच्या गुडघ्याविषयी सांगितलं, आईने अजून दवनीवाड्याचा नाद सोडला नाही म्हणून हसली. खोली लख्ख. भिंतीशी एक फळी, तिच्यावर औषधांची दोन-चार पुस्तकं.

मी तिच्यासाठी नवी कादंबरी नेली होती. नागपूरच्या दुकानातून आणलेली, कोरी. तिने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

‘‘बाई, वाईट नका वाटून घेऊ. मी गोष्टीचं पुस्तक नाही वाचत आता.’’

‘‘का गं? वेळ मिळत नाही?’’

‘‘वेळ मिळते ना. रातपाळीले त लय मिळते.’’ ती कपाची कड बोटाने पुसत राहिली. ‘‘पयले पयले वाचत होतो. पन वाचता वाचता मनात येते, हे कोन लिवलं असन? एका ओळीवर विश्वास बसते, दुसऱ्या ओळीवर नाही. मंग मन नाही लागत.’’

‘‘सगळी पुस्तकं तशी नसतात, सुगरता.’’

‘‘होय बाई,’’ ती म्हणाली. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं. मग तिने माझा कप भरला.

निघताना मी पुस्तक परत पिशवीत घातलं. गोंदियाची गाडी सुटल्यावर वाचावं म्हणून काढलं, आणि आधी शेवटची पानं उलटून पाहिली. छापलेलीच होती.